शेंदूर चढलेलं वजन

नाटक कंपनी गावात आली की आधी जागा शोधायची, आणि आमच्या मराठवाड्यात जागा म्हणजे बहुतेक वेळा कापसाच्या कारखान्याचं गोदाम. हंगाम संपला की रुई आणि सरकी उचलली जायची आणि पत्र्याखाली लांबच लांब मोकळी जमीन उरायची. तिथे आम्ही पडदे टांगायचो. आज त्या पत्र्यांची आठवण झाली तरी नाकात सरकीच्या तेलाचा वास येतो.

भुजंग मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं ते नांदेडच्या अशाच एका गोदामात. आमच्या खेळाच्या शेवटी राजाचं सिंहासन जमिनीतून वर येत असे. खाली चार हमाल दोर ओढत. दोघांचा जोर जास्त, दोघांचा कमी. सिंहासन कलंडायचं आणि राजा, म्हणजे मी, प्रजेला आशीर्वाद देता देता खांबाला मिठी मारायचा. लोक पोट धरून हसायचे. मिस्त्री कारखान्याचं यंत्र तपासायला आले होते, त्यांनीही तो खेळ पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आले, सिंहासनाखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "राजे, तुमचं राज्य लई डळमळीत हाय. आमच्या पाण्यावर बसता का?"

त्यांनी आपली पाण्याच्या पंपाची पेटी आणली, एका जुन्या दट्ट्याला नळी जोडली आणि त्यावर सिंहासन ठेवलं. त्या दिवशी मी असा वर आलो की हसायला टपलेलं गोदाम गप्प झालं. इतकी वर्षं तोंडाला रंग लावला, पण तसा प्रवेश पुन्हा कधी मिळाला नाही. तेव्हापासून मिस्त्री मला राजेच म्हणायचे.

पुढे दुसरं महायुद्ध संपता संपता आमची कंपनी लातुरात मोडली. मालक एका सकाळी बार्शीच्या गाडीत बसले ते परत आलेच नाहीत. पडदे कुणी नेले, मुकुट कुणी नेला, मला ठाऊक नाही. मी गंजगोलाईच्या बाजाराजवळ एका ओट्यावर बसलो होतो. मिस्त्रींनी पाहिलं आणि विचारलं, "हात रिकामे हायत ना? मग चला, पंपाचा दांडा मारा." अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली, आणि मिस्त्रींच्या घरातल्या एका खोलीत माझं बिऱ्हाड.

त्यांचं काम काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रुईची गठाण बांधायची तर आधी ती दाबावी लागते. प्रेसच्या लोखंडी चौकटीत रुई भरतात, खालून जाड खांब वर चढतो आणि खोलीभर रुईची एका ट्रंकेएवढी गठाण करून टाकतो. त्या खांबाला वर ढकलतं ते पाणी. इंजिनाचा पंप नळीत पाणी कोंबत राहतो, दाब चढत राहतो. तो हद्दीबाहेर गेला तर नळी फुटेल, म्हणून नळीला एक झडप असते. हद्द आली की झडप उघडते, पाणी बाहेर उडतं आणि माणसं वाचतात. झडपेनं कुठल्या दाबाला उघडावं हे तिच्या डोक्यावरच्या स्क्रूनं ठरतं. दर हंगामाच्या आधी एकेका कारखान्यात जाऊन तो स्क्रू बरोबर जागेवर आणायचा, हे मिस्त्रींचं काम. लातूर, नांदेड, उमरी आणि आसपासचे बहुतेक कारखाने त्यांच्याकडे होते.

त्यांची पेटी दोघांनी उचलायची, शिसवीची. आत पाण्याची टाकी, पितळी हातपंप, तांब्याची नळी आणि अंगठ्याएवढा एक गुळगुळीत पोलादी दांडा उभा. या दांड्याच्या डोक्यावर एक गोल ओतीव वजन ठेवायचं. मी पंप मारत राहायचो. दाब बरोबर हद्दीला आला की ते वजन अलगद उचललं जाई आणि तरंगत राही. मिस्त्री त्याला बोटानं गिरकी देत. ते भिंगरीसारखं फिरायला लागे. त्याच क्षणी नळीला जोडलेल्या झडपेतून पाणी उडालं पाहिजे. उशिरा उडालं तर स्क्रू ढिला करायचा, लवकर उडालं तर आवळायचा. भिंतीवर दाबाचे काटे असत, पण मिस्त्री त्यांच्याकडे बघतसुद्धा नसत. म्हणायचे, "काटा म्हातारा झाला की खोटं बोलून राहतो. वजन कामून बोलंल? लोखंड हाय ते."

पण मी कामाला लागलो तेव्हा ते वजन लोखंडासारखं दिसतच नव्हतं. ते केशरी होतं.

मिस्त्रींची आई चतुराबाई. नवरा लोहार होता, तरणाताठा गेला. तिनं भाता ओढून पोराला वाढवलं. मिस्त्री हे वजन पहिल्यांदा घरी घेऊन आले तेव्हा तिनं विचारलं, हे कशाला? त्यांनी सांगितलं, याच्या शब्दावर माणसं यंत्राखाली उभी राहतात. म्हातारीनं त्याच दिवशी ते देवळीत मारुतीशेजारी बसवलं. दर खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुसून मांडली जात, त्यांना हळदीकुंकू वाहिलं जाई. वजनाला मात्र तेलात कालवलेला शेंदूर, अंगभर.

मी एकदा तिची थट्टा केली. "आजी, तुमच्या देवाला नाक-डोळे काढा की. म्हणजे आमच्या नाटकात घेतो."

"तुम्ही तोंडाला रंग फासून देव होता राजे," ती म्हणाली. "तोंड धुतलं की भाकरी मागता. माझा देव धुवावा लागत न्हाई."

घरी म्हातारी लावायची आणि कारखान्यांत कामगार. झडप बरोबर लागली की मुकादम पुढे येऊन वजनाला शेंदराचं बोट लावायचा, मागून सगळे हात जोडायचे, नारळ फुटायचा, मगच इंजिन सुरू. ही रीतच पडून गेली होती. वजनाच्या कडा गोल झाल्या होत्या, त्यावर कोरलेला आकडा कधीचा बुजला होता. मी रोज ते उचलत होतो, आणि मला वाटायचं, माझंच मनगट नाजूक.

उमरीच्या कारखान्याचा प्रेसवरचा मुकादम होता गुंडप्पा. दांडगा, मोठ्यानं हसणारा माणूस. आमचा खेळ उमरीला झाला तेव्हा हाच मागून ओरडला होता, "राजे, तलवार सरळ धरा, सरकी टोचून राहिलाव का?" झडपेच्या बाबतीत मात्र सोवळ्यातला. तिच्या आसपास कुणाला थुंकू द्यायचा नाही, पानाची चंची टेकू द्यायचा नाही. त्याची बायको रुद्राणी. कारखान्याच्या आवारातच त्यांची खोली. आम्ही गेलो की शेंदराची वाटी तीच घेऊन यायची.

एका वर्षी संक्रांत झाली आणि उमरीहून माणूस आला. नळी फुटली. गुंडप्पा आणि त्याच्या शेजारी उभा असलेला एक गडी जागेवर गेले.

आम्ही मिळेल त्या मोटारीनं नांदेड आणि तिथून रेल्वेनं उमरी गाठली. प्रेसची जमीन धुऊन काढली होती तरी रुईच्या पुंजक्यांना लाल कडा होत्या. मॅनेजर रेणुकादासराव डोक्याला पंचा बांधून फिरत होते. झडपेजवळ एक तारेचा तुकडा सापडला होता, तो त्यांनी पोलीस अमीनसाहेबांपुढे धरला. गठाणी बांधायच्या कारखान्यात तारेचे तुकडे पायाखाली पडलेलेच असतात. पण रेणुकादासरावांचं म्हणणं होतं, की गुंडप्पानं गठाण जास्त घट्ट बसावी म्हणून झडप तारेनं बांधून ठेवली. पाण्याला वाट राहिली नाही, नळी फुटली.

"ह्यांनी असलं कधी केलं न्हाई," रुद्राणी दाराशी उभी राहून म्हणाली. "पोरापरीस त्या झडपेला जपायचे."

अमीनसाहेब भला माणूस होता. मिस्त्रींना म्हणाला, "मिस्त्रीजी, आप देखिए. झडपच बिघडलेली असेल तर गुंडप्पाचा कसूर नाही. तुम्ही म्हणाल ते लिहितो."

मिस्त्रींनी झडप काढून पेटीला जोडली. सगळा कारखाना गोळा झाला. मी पंप मारू लागलो, आणि माझ्या मनात एकच: उशिरा उड, बाई, थोडी तरी उशिरा उड. वजन उचललं. मिस्त्रींनी गिरकी दिली. आणि त्याच क्षणी झडपेतून पाणी उडालं. एक केसभर मागे नाही, पुढे नाही. मिस्त्रींनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच.

"झडप बरोबर हाय," ते खाली बघत म्हणाले.

"मग ती बांधल्याशिवाय नळी फुटू शकते का?" अमीनसाहेबांनी विचारलं.

नळी नवीच होती. मिस्त्रींनी तिची फुटलेली कड चाचपून पाहिली. मग म्हणाले, "न्हाई."

रुद्राणी गर्दीतून पुढे आली. डोळे कोरडे होते. "मिस्त्री, देवावर हात ठिवून सांगा."

मिस्त्रींनी त्या केशरी वजनावर हात ठेवला आणि पुन्हा तेच सांगितलं.

मी रंगभूमीवर पुष्कळ विधवा पाहिल्या. काही तर स्वतः केल्या. केस मोकळे सोडायचे, छाती पिटायची, विंगेत जाईपर्यंत हंबरडा. रुद्राणीनं यातलं काही केलं नाही. तिनं वजनाला हात जोडले आणि मागे वळून खोलीत गेली. तासाभरानं गुंडप्पाला उचललं. लिंगायत रीतीप्रमाणे बसवून नेलं. ती बाहेर आली नाही. दुसऱ्या मेलेल्या गड्याची बायको दारासमोर उभी राहून तिला शिव्या देत होती, आणि ते दार उघडलं नाही. आम्हाला गाडी गाठायची होती. स्टेशनवर मिस्त्री एवढंच बोलले, "गुंड्या असं करंल असं वाटलं नव्हतं." आठ दिवसांत तिला आवारातली खोली सोडावी लागली, हे आम्हाला मागाहून कळलं.

हंगाम संपला. वैशाखातलं लातूर म्हणजे तवा. एका दुपारी म्हातारी देवळीपुढे बसली होती आणि तिनं एकदम हाक मारली. वजनाच्या अंगावरचा शेंदूर उन्हाळ्यानं तडकला होता आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याचं अख्खं कवच सुटून खाली आलं. दोन वाट्या उघडाव्यात तसं. आत काळंभोर, धारदार कडांचं लोखंड.

"देवानं खोळ टाकली!" म्हातारीला आनंद मावेना. "भुजंगा, भाग्य लागतं याला. जुन्या देवाची खोळ अशी पडती. वाजतगाजत नदीत सोडावी लागंल."

मिस्त्रींनी खोळीचा एक अर्धा भाग उचलला. हातात तोलला. दुसरा उचलला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. माझ्या धंद्यात चेहऱ्यावर भाव आणायला शिकवतात. चेहऱ्यावरून सगळे भाव उतरून जाताना मी तेवढं एकदाच पाहिले.

शेंदूर जड असतो. चिमूटभर घेतला तर कळत नाही. एवढ्या वर्षांचा, एवढ्या हातांचा, तेलात मुरलेला शेंदूर किती जड असतो ते आम्ही अडतीतल्या तराजूवर पाहिलं. काळं वजन त्याच्यावर कोरलेल्या आकड्याइतकंच भरलं, अगदी काट्याच्या नाकावर. मग मिस्त्रींनी त्याच पारड्यात खोळ ठेवली आणि पारडं धाडकन खाली गेलं. अडत्या हसून म्हणाला, "मिस्त्री, करडई मोजता का देव?"

येताना रस्त्यात ते थांबले. "राजे, समजलं का तुम्हाला?"

मला समजलं होतं. वजन वाढत गेलं, तसं ते उचलायला जास्त दाब लागत गेला. त्याच्याशी जुळवून लावलेली प्रत्येक झडप दर वर्षी थोडी उशिरा उघडत गेली. उमरीची झडप त्या दिवशी वजनाबरोबर उडाली, कारण तीच चूक दोन्हीकडे होती. तार बांधलेली नव्हती. गुंडप्पानं काही केलं नव्हतं.

"म्या देवावर हात ठिवून सांगितलं," मिस्त्री म्हणाले. "देवावर न्हाई, राजे. शेंदरावर."

आईला त्यांनी सांगितलं नाही. ती गेली तोपर्यंत नाही. तिला म्हणाले, खोळ नांदेडला गोदावरीत सोडतो. ती खूश झाली, वाटेसाठी दशम्या करून दिल्या. आणि आम्ही पेटी, काळं वजन आणि फडक्यात बांधलेली खोळ घेऊन उमरीला निघालो. मिस्त्रींना आता एकच गोष्ट करायची होती. जिथे गुंडप्पाचं नाव गेलं, त्याच जागी, त्याच माणसांसमोर ते परत आणायचं.

कारखाना बंद होता, पण दुरुस्तीला माणसं होती. प्रेसवर आता गुंडप्पाच्या जागी धोंडप्पा होता; वयानं मोठा, गुंडप्पाचा जिवाभावाचा दोस्त. झडप तीच होती, स्क्रूही कुणी हलवला नव्हता. मिस्त्रींनी सगळ्यांना बोलावलं. रेणुकादासराव खुर्ची घेऊन बसले.

मी पंप मारला. काळं वजन उचललं, मिस्त्रींनी गिरकी दिली, ते फिरायला लागलं. झडप गप्प. पाण्याचा थेंब नाही.

"बघा," मिस्त्री म्हणाले. "हद्द झाली. आता तिनं उडाया पाहिजे. उडली न्हाई." मग त्यांनी फडकं सोडलं, खोळीचे तुकडे वजनावर ठेवले आणि मला म्हणाले, "मारा." मी मारत राहिलो, हाताला फोड येईतो. वजन खोळीसकट उचललं आणि त्याच क्षणी झडपेतून पाणी उडालं.

याहून उघड काय असतं? मी खरंच टाळीची वाट बघत होतो. असा प्रवेश, असा पुरावा, आता कुणीतरी गुंडप्पाचं नाव घेऊन रडेल.

धोंडप्पा पुढे आला. त्यानं काळ्या वजनाला हात लावला नाही. "भुजंगा," तो म्हणाला, "देव नागडा करून आणलास की रे."

"धोंडबा, मी खरवडला न्हाई. खोळ आपसूक पडली."

"पडली तवा देव बी गेला तिच्यासंगं. ह्ये लोखंड राहिलं. लोखंडाचं ऐकून मी माझ्या गुंड्याला सोडवू, आन् देवानं सांगितलं ते खोटं म्हनू?"

"मग काय गुंड्यानं बांधली झडप?"

"तूच म्हनलास. हात ठिवून म्हनलास."

मागून एक जण म्हणाला, "आन् तुमचं आज खरं मानलं, तर इतकी वर्सं आमी काय फुटक्या नळीखाली उभे होतो का?" कुणी हसलं नाही. मला वाटतं, तेच सगळ्यांच्या पोटात होतं. गुंडप्पानं लोभ केला आणि मेला, हे मानलं तर उद्या सकाळी त्याच जागी उभं राहता येत होतं.

रेणुकादासराव मिस्त्रींना बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही दाखवलंत ते मला कळलं. पण अमीन बदलून गेले, चौकशी मिटली. ही माणसं मानत नाहीत, आणि मी त्यांना मानायला लावणार नाही. तुम्ही झडपेचा दाब खाली आणा, माझी ना नाही. बाकीचं राहू द्या."

पण झडपेलाही कामगारांनी हात लावू दिला नाही. नागड्या वजनानं लावलेल्या झडपेखाली आम्ही उभे राहणार नाही, म्हणाले.

रुद्राणी गावाबाहेर नणंदेच्या पडवीत राहत होती. आम्ही गेलो तेव्हा भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मिस्त्री तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. खोळ, तराजू, झडप. आईचं नाव तेवढं घेतलं नाही. शेंदूर मीच चढू दिला, म्हणाले.

तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. शेंगा फोडत राहिली. मग हात थांबले.

"म्हंजे त्यांनी बांधली नव्हती."

"न्हाई, वैनी."

"मी त्यांना इचारलं असतं तर ते हेच म्हनले असते," ती म्हणाली. "मी इचारलंच न्हाई. त्यांना उचललं तवा मी भिताडाकडं तोंड करून बसले. ती बाई शिव्या देऊन राहिली होती, आन् मी मनात म्हनत होते, बरोबर हाय तिचं. तुमच्या वजनावर इस्वास ठिवला, मिस्त्री. दहा वर्सं ज्याच्यासंगं संसार केला त्याच्यावर न्हाई ठिवला."

मिस्त्रींनी डोकं खाली घातलं. मी पडवीबाहेर जाऊन उभा राहिलो, पण ऐकू येत होतं.

"मला तिथं न्या," ती म्हणाली.

लिंगायतांची दफनाची जागा ओढ्यापलीकडे. ऊन चढलं होतं. मातीचे लहान-मोठे उंचवटे, कुठे दगड, कुठे नुसतीच भेगाळलेली जमीन. तिथे गेल्यावर आमच्या ध्यानात आलं. गुंडप्पा कुठे आहे ते तिला ठाऊक नव्हतं. ती आलीच नव्हती. आम्ही तर गाडीला पळालो होतो. नणंद तिथवर गेली नव्हती आणि तिचा नवरा तेव्हा परगावी होता. ती एका मातीपासून दुसरीकडे गेली, वाकली, पुन्हा उठली. एका ठिकाणी तिनं हात टेकला आणि लगेच उचलला. दुसऱ्याच कुणाचा माणूस असला तर? त्या उन्हात ती उभी राहिली आणि तेव्हा कुठे तिच्या गळ्यातून आवाज फुटला. तो आवाज मला कुठल्याही नाटकात काढता आला नसता, आणि मी कुठल्याही नाटकात ऐकायला तयार नाही.

ठाऊक होतं ते धोंडप्पाला. त्यानंच खांदा दिला होता, त्यानंच माती लोटली होती. मिस्त्री परत कारखान्यात गेले, मी बरोबर. धोंडप्पा लिंबाखाली बसला होता.

"दावतो," तो म्हणाला. "माझ्या भावजयीला मी न्हाई का म्हनंन? पर आधी देवाला शेंदूर लाव. सगळ्यांसमोर लाव. मग झडपेला हात लाव, मग जागा दावतो."

"धोंडबा, शेंदूर लावला की माझं सगळं बोलणं पुसलं जाईल. गुंड्या तसाच ऱ्हाईल."

"मेलेला कसा बी ऱ्हातो, भुजंगा. आमाला जित्यांना उभं ऱ्हायचंय."

मिस्त्री पुन्हा ओढ्यापलीकडे गेले आणि रुद्राणीला विचारलं. मला वाटलं होतं, ती नको म्हणेल. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"लावा," ती म्हणाली.

धोंडप्पानं वाटी आणली. मिस्त्रींनी बोट बुडवलं आणि त्या काळ्या लोखंडाला शेंदूर लावला. पातळ, एक हात. लोक पुढे आले, पाया पडले. मग मी पंप मारला. एवढ्याशा शेंदरानं वजनात काय फरक पडणार? ते हद्दीला उचललं, फिरू लागलं, आणि मिस्त्रींनी स्क्रू ढिला करत करत झडप त्याच क्षणाला आणून ठेवली. वजन फिरत होतं, पाणी उडत होतं.

"बघा," धोंडप्पा सगळ्यांकडे वळून म्हणाला, "देव अंगावर आला आन् झडप बरोबर झाली. तवा बी बरोबरच होती."

मिस्त्रींनी पेटीचं झाकण लावलं. त्यानंतरचे दोन हंगाम त्यांनी एकेका कारखान्यात हेच केलं: शेंदराचं एक बोट आणि ढिला स्क्रू. आधीचा शेंदूर ते गपचूप पुसून घेत. झडपा सगळ्या बरोबर दाबावर आल्या. कुणी कारण विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढे राज्य पालटलं, वीज आली, नवे काटे आले आणि पेटी बंद झाली. लातुरात त्यांच्या तिरडीला खांदा देणाऱ्यांत मी होतो. त्यांनी गुंडप्पाचं नाव त्या दिवसानंतर माझ्यापुढे कधी काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.

त्या दुपारी धोंडप्पा आमच्या पुढे चालत गेला. ओढा ओलांडून, बाभळीच्या पलीकडे, एका कडेच्या उंचवट्यापाशी थांबला, हात दाखवला आणि लगेच माघारी फिरला. तिथे ना दगड होता ना खूण. शेजारी तसेच आणखी दोन उंचवटे होते. रुद्राणी त्या मातीपाशी बसली. कपाळ टेकलं नाही. नुसती हातानं ढेकळं सारखी करत राहिली.

बऱ्याच वेळानं मिस्त्रींनी विचारलं, "वैनी, हीच का जागा?"

"धोंडप्पा म्हनतो," ती म्हणाली, "म्हंजे असंल."